औषध देणाऱ्याचे मन : औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे भावनिक शिक्षण

(व्याख्यानाचा पाठ)



रुग्णालयातून घरी परतणाऱ्या मनुष्याची शेवटची भेट बहुधा औषधाच्या खिडकीशी होते. डॉक्टरांनी सांगितलेले निम्मे-अर्धे त्याच्या कानांवर पडलेले असते, निम्मे मनातल्या काळजीत वाहून गेलेले असते. हातात चिठ्ठी असते. ती त्याला वाचता येत नाही. खिशात पैसे असतात. ते पुरतील की नाही याची धास्ती असते. आणि खिडकीच्या पलीकडे पांढरा कोट घातलेला, वीस-बावीस वर्षांचा एक तरुण किंवा तरुणी उभी असते. तिची परीक्षा नुकतीच झालेली असते. औषधांची रासायनिक घटना तिला मुखोद्गत असते. परंतु समोरच्या मनुष्याच्या चेहऱ्यावर जे लिहिलेले आहे ते वाचावयास तिला कोणी शिकविलेले असतेच असे नाही. त्या दोघांमध्ये त्या दोन-तीन मिनिटांत काय घडते आणि काय घडावयास हवे, हा आजचा विषय आहे.

विषय महाविद्यालयीन दिसत असला तरी तो घरापासून दूर नाही. रक्तदाबाची, साखरेची, सांधेदुखीची वा झोपेची गोळी नित्य घेणारे कोणी ना कोणी आज बहुतेक कुटुंबांत आढळते. त्या गोळीबरोबर जो शब्द मिळतो किंवा मिळत नाही, त्याचा परिणाम गोळीइतकाच दूरवर पोहोचतो.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग मराठीत फार जुना नाही. १९९० साली अमेरिकेतील पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी या नावाची कल्पना शास्त्रीय लेखाद्वारे मांडली. पुढे १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. सॅलोव्हे आणि मेयर यांनी १९९७ साली या बुद्धीची चार अंगे सांगितली. पहिले, स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना अचूक ओळखणे. दुसरे, विचाराच्या कामी त्या भावनांचे साहाय्य घेणे. तिसरे, भावना कशी उत्पन्न होते व कशी पालटते हे समजणे. आणि चौथे, तिचे योग्य नियमन करणे.

ही चारही अंगे औषधाच्या खिडकीशी सहज पडताळून पाहता येतात. एक वृद्ध गृहस्थ चढ्या आवाजात म्हणतात, ‘मागच्या वेळी गोळी पांढरी होती, आता पिवळी का?’ हा राग आहे की चुकीचे औषध पोटात जाईल ही भीती आहे, हे ओळखणे हे पहिले अंग. त्या प्रश्नाने आपल्याही मनात शंका उठली तर तिला न झटकता वेष्टनावरील नाव पुन्हा वाचणे हे दुसरे. मागे अशाच एखाद्या बदलाने त्यांना त्रास झाला असेल, म्हणून हा आवाज चढला आहे, हे उमगणे हे तिसरे. आणि रांगेत वीस माणसे तिष्ठत असताना स्वतःचा वैताग आवरून, ‘औषध तेच आहे, कंपनी निराळी आहे, हे पाहा, नाव येथे लिहिले आहे,’ असे शांतपणे दाखविणे हे चौथे. यासाठी गोड बोलण्याची विशेष हातोटी लागत नाही. लक्ष मात्र लागते.

एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. त्याच १९९० साली अमेरिकेत चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड यांनी औषधनिर्मात्याच्या कर्तव्याची नवी मांडणी केली. औषध बिनचूक बांधून दिले म्हणजे त्याचे काम संपत नाही. त्या औषधाने रुग्णाच्या जीवनात इष्ट परिणाम घडून यावा ही जबाबदारीही त्याने वाहिली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि त्याच वर्षी तेथील संसदेने एक कायदा संमत केला. गरिबांसाठीच्या सरकारी वैद्यकीय साहाय्य योजनेतील रुग्णांना औषध देताना त्याविषयी समजावून सांगण्याची तयारी औषधनिर्मात्याने दाखविलीच पाहिजे, असा दंडक त्यान्वये १९९३ पासून लागू झाला. मानसशास्त्र, औषधशास्त्र आणि कायदा यांची ही तीन पावले परस्परांना विचारून पडलेली नव्हती. तथापि तिघांचा रोख एकाच दिशेला होता. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये एक मनुष्य उभा आहे, आणि तो कसा उभा आहे यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, हे तिघांनीही मानले.

भारतीय वैद्यकाला हा विचार अपरिचित नव्हता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असे चरक सांगतो. उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे ते गुण होत. ज्ञान, दक्षता आणि स्वच्छता यांच्या पंक्तीला तेथे अनुराग बसविला आहे, ही गोष्ट लक्षपूर्वक पाहावयास हवी. जिव्हाळा ही कोणाच्या स्वभावाची ऐच्छिक देणगी न मानता चरकाने ती कामाची पात्रता मानली. वैद्याची वृत्ती कशी असावी हे सांगतानाही त्याने आर्तांविषयी मैत्री व करुणा, बरा होण्याजोगा रोग असलेल्यांविषयी प्रीती आणि जे अंताच्या वाटेला लागले आहेत त्यांच्याविषयी तटस्थ समत्व, अशी चतुर्विध वृत्ती वर्णिली आहे. भावनांचे नियमन म्हणजे त्या गोठविणे नव्हे, प्रसंग ओळखून त्यांना योग्य ठिकाणी योजणे होय, हे त्या वर्णनातून स्पष्ट होते.

त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात शिष्याला विद्या देण्यापूर्वी गुरूने करावयाचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरात पाऊल टाकल्यावर वाणी, मन आणि बुद्धी रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र गुंतवू नये; त्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये; रुग्णाचे आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी ज्या ठिकाणी ते ऐकून रुग्णाला वा अन्य कोणाला आघात होईल तेथे ते उच्चारू नये, असा त्याचा आशय आहे. ध्यानात घेण्यासारखे हे की, हा उपदेश शिक्षणाच्या आरंभी आहे. पदवी हाती पडल्यावर अनुभवाने शहाणपण येईल, अशी वाट तेथे पाहिलेली नाही.

आधुनिक औषधनिर्माणाचे शिक्षण या देशात निराळ्या मार्गाने आले. गोव्यात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात वैद्यकाबरोबर औषधनिर्माणाचेही शिक्षण दिले जाऊ लागले. अन्यत्र दीर्घकाळ दवाखान्यांतील कंपाउंडर हाच औषध देणारा मनुष्य होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९३१ साली आपला अहवाल दिला. १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने या शास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. आणि १९४८ साली फार्मसी कायदा होऊन व्यवसायाला नोंदणीची व शिक्षणाची चौकट लाभली.

जुना कंपाउंडर वयस्क श्रोत्यांच्या स्मरणात असेल. तो खलात औषध घोटी, पुड्या बांधी, काचेच्या बाटलीत लाल मिश्रण भरी आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून त्यावरून मात्रा दाखवी. त्याचे शास्त्रज्ञान बेताचे असे आणि त्याच्या हातून चुकाही होत. परंतु पट्टी चिकटेपर्यंत रुग्ण त्याच्यापुढे बाकावर बसलेला असे; घरी कोण आजारी आहे, कोण काय खाते, हे बोलता बोलता त्याला कळे. आज औषध कारखान्यातून तयार, मोजलेले, वेष्टनबद्ध येते. घोटणे संपले, बांधणे संपले. खिडकीवरच्या मनुष्याकडे आता जे काम खऱ्या अर्थाने उरले ते पाहण्याचे, पडताळण्याचे आणि सांगण्याचे. म्हणजे पूर्वी जे हाताच्या कामाबरोबर सहज होऊन जाई तेच आता मुख्य काम झाले आहे, आणि म्हणून ते शिकविणे भाग पडले आहे.

अभ्यासक्रमाने याची अगदीच दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. पदविकेच्या विद्यार्थ्याने किमान तीन महिन्यांत पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे, असा नियम आहे. २०२० च्या पदविका विनियमांनी सामाजिक औषधनिर्माण आणि सामुदायिक औषधनिर्माण यांसारख्या विषयांना स्थान दिले. पदवीच्या २०१४ च्या विनियमांनुसार आखलेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संवादकौशल्य हा विषय आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘फार्म. डी.’ या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात तर अखेरचे संपूर्ण वर्ष रुग्णालयात काढावयाचे असते. २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटानेही १९९७ साली व्हँकूव्हर येथे भावी औषधनिर्मात्याच्या ज्या सात भूमिका सांगितल्या त्यांत शुश्रूषा करणारा आणि संवाद साधणारा या दोन आहेत. अमेरिकेतील औषधनिर्माण महाविद्यालयांच्या संघटनेने २०१३ साली शिक्षणाची जी फलिते निश्चित केली त्यांत तर ‘आत्मभान’ हे स्वतंत्र फलित म्हणून नोंदविले.

तरीदेखील कागदावरचा विषय आणि खिडकीवरचा प्रसंग यांत अंतर राहते. संवादकौशल्याच्या उत्तरपत्रिकेत ‘सहानुभूतीचे पाच फायदे’ लिहून उत्तम गुण मिळविता येतात. प्रशिक्षणाचे पाचशे तास मात्र एखाद्या विद्यार्थ्याचे कप्प्यांतील खोकी रचण्यात आणि देयके करण्यात निघून जाऊ शकतात. प्रमाणपत्रावरची सही दोन्ही प्रसंगी सारखीच दिसते.

हे अंतर कोठे बाधते ते एका उदाहरणावरून समजेल. क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन हे एक प्रमुख औषध आहे. ते घेणाऱ्याच्या लघवीला नारिंगी-तांबूस रंग येतो. क्वचित घाम आणि अश्रूही रंगतात. यात अपाय काही नाही. परंतु हे आधी सांगितले नाही तर रुग्ण दुसऱ्या दिवशी काय समजेल? ‘रक्त जाते आहे’ असे समजून तो भयभीत होईल आणि गोळ्या बंद करील. किमान सहा महिने चालावयाचा उपचार आठवड्यात तुटला की रोग बळावतो, आणि मधेच सोडलेल्या औषधांना न जुमानणारे जंतू निपजण्याचा धोका उभा राहतो. रंगाची ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला असते. परीक्षेत ती विचारली जाते. ती रुग्णाच्या भीतीशी जोडून, भीती उत्पन्न होण्यापूर्वी सांगावयाची असते, हे मात्र कोणी तरी दाखवून द्यावे लागते.

दम्याच्या पंपाचेही तसेच. श्वासावाटे घ्यावयाचे औषध अल्प मात्रेत नेमके फुप्फुसात पोहोचते, म्हणून ते श्रेयस्कर. परंतु ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’, ‘मुलीला पंप आहे हे कळले तर लग्न कसे जमेल’, असल्या समजुती घरोघर असतात. आई पंप विकत नेते आणि कपाटात ठेवते. तिच्यापुढे औषधाचे गुण वाचून दाखविले तर ती मान डोलावील. तिच्या मनातील लाज कोणी हळुवारपणे बोलती केली तरच पंप कपाटातून बाहेर येईल. मानसिक विकारांवरील गोळ्यांची चिठ्ठी तर माणसे घडी करून, आजूबाजूला पाहून पुढे सरकवितात. अशा वेळी त्या औषधाचे नाव मोठ्याने पुकारणारा विद्यार्थी दुष्ट नसतो. समोरच्याचा संकोच त्याच्या ध्यानातच आलेला नसतो. पण तो रुग्ण त्या खिडकीशी पुन्हा येणार नाही, आणि कदाचित औषधाकडेही परतणार नाही.

या स्मरणग्रंथाचे वाचक ज्या प्रदेशांत राहतात तेथे आणखी एक गोष्ट आड येते. ती भाषा होय. विद्यार्थ्याने शास्त्र इंग्रजीत शिकलेले असते. बेळगावच्या खिडकीवर एक रुग्ण कानडीत बोलतो, दुसरा मराठीत. गोव्यात कोंकणी, मराठी आणि हिंदी एकाच रांगेत उभ्या असतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतली वृद्ध माणसे बाहेर हिंदी, गुजराती वा तेलुगू सफाईने बोलतात, परंतु दुखणे आले की आईच्या भाषेत परततात. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात कणकण आहे’, ‘पोटात कालवते’, ‘कशात मन लागत नाही’ या शब्दांना पाठ्यपुस्तकात प्रतिशब्द सापडत नाहीत. तथापि त्यांत लक्षणही असते आणि भावनाही असते. ‘मन लागत नाही’ असे म्हणणारी स्त्री थकव्यावरचे टॉनिक मागते आहे की मदत मागते आहे, हे ज्याला कळत नाही त्याची औषधविद्या त्या क्षणापुरती अपुरी ठरते. दोन भाषांत वाढलेल्या विद्यार्थ्यापाशी या कामी मोठे भांडवल असते. ते भांडवल आहे असे त्याला महाविद्यालयाने सांगावयास हवे.

येथवर खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या मनुष्याच्या भीतीचा विचार झाला. परंतु पलीकडेही एक भीती उभी असते, आणि तिच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. ती विद्यार्थ्याची भीती होय.

समजा, एका रुग्णालयात प्रशिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी आहे. सांधेदुखीच्या एका बाईंना मेथोट्रेक्सेट लिहून दिलेले आहे. हे औषध या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेले तर रक्त निर्माण करणारी यंत्रणा खालावते, तोंडात व्रण पडतात आणि रुग्णाचे प्राणही जाऊ शकतात. अशा दुर्घटना जगात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. विद्यार्थिनीने घाईत पाकिटावर ‘रोज एक’ असे लिहिले. बाई गेल्या. तासाभराने नोंदवही चाळताना तिच्या काळजात धस्स झाले.

त्या क्षणी तिच्यापुढे दोन वाटा असतात. वरिष्ठांकडे जाऊन सांगावे, की गप्प राहावे? गेल्या आठवड्यात एका सहाध्यायाने क्षुल्लक चूक सांगितली तेव्हा सर्वांसमक्ष त्याची खरडपट्टी निघाली होती, हे तिने पाहिलेले आहे. प्रशिक्षणाची सही त्याच वरिष्ठांकडून मिळावयाची आहे. घरी वडिलांनी शुल्कासाठी कर्ज काढले आहे. ‘बाईंना डॉक्टरांनी सांगितलेच असेल,’ अशी समजूत मन आपोआप घडवू लागते. भीतीचे हेच काम असते. ती सोयीची कारणे हाताशी आणून देते.

अशा वेळी मेथोट्रेक्सेटविषयीचे ज्ञान तिला तारू शकत नाही. ते तिच्यापाशी आहेच. ‘आता जे सुचते आहे ते भीतीमुळे सुचते आहे’ एवढे तिला स्वतःच्या मनात ओळखता आले, तर ती उठेल. चिठ्ठीवरील दूरध्वनी क्रमांकावर निरोप जाईल, पाकीट परत मागविले जाईल, आणि त्या बाईंचा जीव धोक्यातून वाचेल. भावनिक बुद्धीचे सर्वांत कठीण काम रुग्णाचे अश्रू पुसण्याचे नसून हे आहे : स्वतःच्या लाजेवर पाय देऊन वेळेवर खरे सांगणे.

परंतु तो सगळा भार त्या एकवीस वर्षांच्या मुलीवर टाकणे अन्यायाचे होईल. ती उठेल की नाही हे आधीच्या आठवड्यात त्या सहाध्यायाशी वरिष्ठ कसे वागले, त्यावरही अवलंबून आहे. चूक सांगणाऱ्याला प्रथम ‘सांगितलेस हे बरे केलेस’ असे म्हणून मग कारण शोधणारे गुरुजन जेथे असतात तेथे चुका उजेडात येतात. जेथे अपमान होतो तेथे त्या दडून राहतात आणि रुग्णाच्या घरी जाऊन प्रकट होतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या भावनिक शिक्षणाचा पहिला पाठ शिक्षकाच्या वर्तनात असतो. विद्यार्थ्याला ज्या स्वरात बोलले जाते त्याच स्वरात तो पुढे रुग्णाशी बोलू लागतो.

हे सारे शिकविता येते काय? पुष्कळ अंशी येते. त्याचे मार्ग साधेच आहेत. वर्गात एका विद्यार्थ्याने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने औषध द्यावे, इतरांनी पाहावे. आणि नंतर ‘रुग्ण’ झालेल्याने, कोणत्या शब्दाने धीर आला व कोणत्या शब्दाने मन मिटले, हे सांगावे. दिवसाच्या शेवटी प्रशिक्षणार्थ्याने एका वहीत चार ओळी लिहाव्यात : आज कोणत्या प्रसंगी राग आला, कोठे भीती वाटली, त्यामुळे काय करावयाचे राहून गेले. ती वही गुणांसाठी तपासू नये. तपासली की विद्यार्थी तीत शोभेचे लिहू लागतो.

प्रश्न विचारण्याची रीतही शिकवावी लागते. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते, ‘हो’. शिकलेल्या मनुष्यापुढे ‘नाही’ म्हणण्याचा संकोच मोठा असतो. त्याऐवजी, ‘काकू, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते एकदा मला सांगता का? माझे काही सांगावयाचे राहिले असेल तर कळेल,’ असे विचारले तर न समजल्याचा कमीपणा रुग्णाच्या माथी येत नाही. अमेरिकेतील आदिवासी जमातींसाठी असलेल्या सरकारी आरोग्यसेवेतील औषधनिर्मात्यांनी तीन प्रश्नांची एक पद्धत रूढ केली : हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, कसे घ्यावयास सांगितले, आणि त्याने काय होईल असे सांगितले. तिन्ही प्रश्नांत बोलण्याची पाळी रुग्णाची आहे. तो जे जाणतो तेथून आरंभ होतो, आणि जेथे त्याची माहिती थांबते तेथेच भर घालावी लागते. वेळही वाचतो.

खिडकीवर नकारही द्यावा लागतो, आणि नकाराचे शिक्षण हा याच विषयाचा भाग आहे. २०१३ साली अधिसूचित होऊन २०१४ च्या मार्चपासून अमलात आलेल्या ‘एच-१’ परिशिष्टातील औषधे, ज्यांत अनेक प्रतिजैविके येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देता येत नाहीत. तापलेले मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पित्याला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. कायद्याचे कलम त्याच्या तोंडावर फेकणारा आणि दया येऊन औषध देऊन टाकणारा, दोघेही त्याच्या खऱ्या गरजेला पाठ दाखवितात. ‘बाळाला काय झाले आहे हे कळल्यावाचून हे औषध देणे धोक्याचे आहे, जवळचा दवाखाना आता उघडा आहे, तेथे आधी जा,’ असे सांगणाऱ्याच्या नकारात वाट दाखविलेली असते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा औषधांची दुकाने उघडी राहिली. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रेमडेसिविरचा तुटवडा पडला, तेव्हा दाराशी आलेल्या माणसांना ‘औषध नाही’ हे शब्द दिवसभर सांगावे लागले. ते सांगणाऱ्यांच्या मनावर काय साचले असेल याची कल्पना करता येते. त्यासाठी त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने तयार केलेले नव्हते.

या विद्येच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडणे उचित होय. भावनिक बुद्धिमत्ता ही खरोखर बुद्धी आहे की स्वभावविशेषांचा समूह आहे, याविषयी तज्ज्ञांत अद्यापि एकमत नाही. ती मोजण्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरतात त्यांतील बऱ्याचशा विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या मतावर विसंबून असतात. आणि ज्याला दुसऱ्याचे मन कळत नाही त्यालाच पुष्कळदा ते आपल्याला उत्तम कळते असे वाटत असते. अमेरिकेतील औषधनिर्माण-शिक्षणाच्या नियतकालिकात २००६ साली फ्रँक रोमानेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या गुणावरून विद्यार्थ्याच्या शैक्षणिक वा व्यावसायिक यशाचे भाकीत करता येईल काय, याचा ऊहापोह केला. प्रश्न अजून अभ्यासाचाच आहे. तेव्हा प्रवेशपरीक्षेत आणखी एका गुणांकाची भर घालून हे काम होणार नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दुसऱ्याची भीती अचूक ओळखणे ही शक्ती आहे, आणि शक्तीचा दुरुपयोगही होतो. मूल अशक्त आहे म्हणून चिंतातुर झालेल्या आईची चिंता हेरून तिच्या हाती महागड्या टॉनिकच्या दोन बाटल्या ठेवणारा विक्रेताही भावना उत्तम ओळखतो, तिचे नियमनही उत्तम करतो. बुद्धी तेथे आहे, अनुराग नाही. चरकाने अनुराग आणि शुचिता हे गुण एकाच यादीत का ठेवले असावेत, याचा उलगडा येथे होतो. रुग्णाचे मन वाचण्याची विद्या विद्यार्थ्याला देताना, वाचलेले ते मन रुग्णाच्याच हिताला लावावे, हा दंडकही त्याच्या हाती द्यावा लागतो.

शेवटी खिडकीच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या सर्वांनाही एक वाटा उचलावा लागेल. नवख्या विद्यार्थ्याला चिठ्ठी वाचावयास दोन मिनिटे अधिक लागली तर रांगेतून ओरडणे सोपे असते. परंतु घाईत लिहिलेले पाकीट कोणाच्या घरी जाईल हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक नसते. न समजलेले पुन्हा विचारावे. गोळ्या मधेच सोडल्या असतील तर तसे सांगावे. वैद्यापुढे वा औषध देणाऱ्यापुढे लपविलेली गोष्ट अखेर आपल्याच शरीराशी लपविलेली असते. आणि कोणी नीट समजावून सांगितले तर दोन शब्दांनी त्याची पावती द्यावी. शिकणाऱ्याला त्या दोन शब्दांतूनही कळते की हे काम कामाचे आहे.

संध्याकाळी दवाखान्याची गर्दी ओसरते. खिडकी बंद होण्याच्या सुमारास एक बाई हातात पाकीट घेऊन परत येतात आणि म्हणतात, ‘मघाशी विचारायचे राहिले.’ आतली मुलगी दिवसभर उभी राहून थकलेली आहे. तिने कोट काढून ठेवला आहे. घरी जाण्याची बस चुकणार आहे. ती पुन्हा खिडकीशी येते आणि म्हणते, ‘विचारा ना, काकू.’ तिच्या या तीन शब्दांची परीक्षा कोणतेही विद्यापीठ घेत नाही. तिला हे तीन शब्द शिकवणारे शिक्षक आणि ते ऐकून निश्चिंतपणे प्रश्न विचारणारे रुग्ण, दोन्ही वाढोत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हे व्याख्यान येथे संपविणे योग्य होईल.